चौकशीकाकांच्या सूचना

चौकशीकाकांनी उभी हयात बसून काढली, तीही एका खिडकीत. बसस्टँडवरची ती चौकशीची खिडकी. काचेला अर्धगोल भोक, भोकापाशी लोकांची तोंडं आणि आत काका. कुठली गाडी कधी सुटते, कुठे थांबते, कुठल्या थांब्यावर पिण्याजोगा चहा मिळतो आणि कुठे नुसतंच तोंड भाजतं, सगळं त्यांना पाठ. निम्म्या जगाला त्यांनी मार्गी लावलं असेल. स्वतः मात्र घर ते स्टँड आणि स्टँड ते घर एवढाच प्रवास केला, तोही पायी.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरतात, वर्तमानपत्र पाठ करतात, नाहीतर बायकोच्या कामात चुका काढतात. काकांनी थेट तिसऱ्या उद्योगाला हात घातला. काकू घरीच शिवणकाम करायच्या; कुणाच्या पँटी आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. त्यामुळे त्यांच्या हातात कायम कात्री. "टाके जरा वाकडे वाटतात" असं काका तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा काकूंनी कात्री खाली न ठेवताच नवऱ्याच्या फोनवर 'चलाचला' नावाचं अ‍ॅप घातलं आणि फोन त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, "घ्या, इथे काढा चुका."

चलाचला हे सहली आखण्याचं आणि मिळून सहली करण्याचं ठिकाण. आपण आपली सहल आखून तिथे मांडायची. ज्याला ती आवडेल तो 'मीपण' असं बटण दाबून सामील होणार. तळाशी एक रिकामा चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'आम्ही आणखी चांगले कसे होऊ? कृपया सुचवा.' इतकी वर्षं काका लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आले होते. आता तर कुणीतरी आपण होऊन, 'कृपया' म्हणून, उत्तर मागत होतं. काका त्या चौकोनात जे शिरले ते बाहेर येईनात.

पहिली सूचना गॅसची. माणूस घरातून निघाला की अ‍ॅपनं त्याला विचारावं, गॅस बंद केला का? कुलूप लावलं का? लावून ओढून पाहिलं का? कंपनीनं ती मान्य केली. पहिल्याच रविवारी निम्मे प्रवासी अर्ध्या वाटेवरून घरी परतले, आणि त्यातल्या एकाचा गॅस खरोखरच चालू निघाला. मग काय विचारता! काकांच्या सूचनांना भरती आली. गाडीत ऊन कुठल्या बाजूला येतं ते दाखवा. वाटेतल्या संडासांना गुण द्या. (कंपनीनं चांदण्यांऐवजी बादल्या दिल्या. पाच बादल्यांचा संडास म्हणजे स्वर्गच.) आणि जे लोक आधी सहल मांडतात आणि माणसं गोळा झाल्यावर शेपूट घालतात, त्यांचा बंदोबस्त करा: एकदा कुणी सामील झालं की सगळ्यांच्या होकाराशिवाय सहल रद्द करता येऊ नये! ही सूचना लिहिताना काकांनी उद्गारचिन्ह इतकं जोरात दाबलं की फोन हातातून निसटला.

कंपनीच्या सूचना विभागात एकच मुलगी होती. भारी कामसू. सूचना आली की ती हरखून जायची आणि 'आपली सूचना मोलाची आहे, लगेच लागू करत आहोत' असं कळवायची. तिला नाही म्हणायला कुणी शिकवलंच नव्हतं. एक दिवस तिनं फोन केला.

"काका, अभिनंदन! तुम्हाला 'महायात्री' पदवी मिळाली आहे."

"मला? कशाबद्दल?"

"सगळ्यात जास्त सूचना तुमच्या आहेत ना. आमचे साहेब म्हणतात, या माणसानं जग पालथं घातलेलं असणार."

काका घसा साफ करून म्हणाले, "तसं थोडंफार." शिवणयंत्रामागून काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. आणि यंत्र जरा जास्तच जोरात चालवलं.

कारण काकूंनी समुद्र पाहिला नव्हता. लग्नाच्या वेळी काका म्हणाले होते, पुढच्या सुट्टीत नेतो. पुढच्या सुट्टीत काकांनी गाड्या बघून ठेवल्या. त्याच्या पुढच्या सुट्टीत आणखी चांगल्या गाड्या बघून ठेवल्या. काकूंनी बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. शेवटी त्या बॅगेत उरलेले कपड्यांचे तुकडे ठेवायला लागल्या. खरं कारण काकांनी कधी कुणाला सांगितलं नाही. खिडकीच्या आतल्या माणसाला सगळं माहीत असतं. बाहेर पडलं की कधी ना कधी कुणाला तरी काहीतरी विचारावं लागतं, आणि विचारायची काकांना भारी धास्ती. भोकापलीकडची बावरलेली, घामेजलेली तोंडं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. त्यांतलं एक आपलं असावं, हे त्यांना सोसलंच नसतं.

अ‍ॅप हातात आल्यावर मात्र काकांनी समुद्राची सहल आखली, आणि अशी आखली की नाव ठेवायला जागा नाही. ऊन उजवीकडे, काकू डावीकडे. चहा, डबा, पाच बादल्यांचे थांबे, सूर्यास्त, सगळं जिथल्या तिथे. तारीख घातल्याशिवाय सहल साठवली जाईना, म्हणून लांबचा एक रविवार घातला. मग 'फक्त माझ्यासाठी' असं लिहून ती आत ठेवून दिली. रोज जेवण झाल्यावर काका ती उघडून बघत आणि तृप्त होऊन आडवे होत.

घात त्यांनी स्वतःच केला. कुणा प्रवाशानं डोंगरातली एक सहल अशीच लपवून ठेवली होती. नाव दिसे, आतलं काही दिसत नसे. काकांना राहवेना. त्यांनी सूचना ठोकली: 'लोक उत्तमोत्तम सहली दडवून ठेवतात, हे समाजाच्या हिताचं नाही. सगळ्या उघड्या कराव्यात.' सूचना मोलाची होती. लगेच लागू झाली. काका मोठ्या उत्साहानं डोंगरातली सहल बघायला गेले, आणि ती अगदीच सुमार निघाली. तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन टिंगटिंग वाजायला लागला. समुद्राच्या सहलीवर 'मीपण' दाबायला लोकांची झुंबड उडाली होती. महायात्रींची सहल म्हटल्यावर कोण सोडतो! एक दातांचे डॉक्टर, एक भांडकुदळ नवविवाहित जोडपं, एका बँकेतल्या मैत्रिणींचा घोळका, मिनीबस भरली. तो लांबचा रविवारही एव्हाना चांगलाच जवळ आला होता.

काकांनी घाईघाईनं 'रद्द करा' दाबलं. 'सर्वांचा होकार आवश्यक', फोन म्हणाला.

काकांनी गटावर लिहिलं की हवा बरी दिसत नाही. बँकेतल्या मैत्रिणींनी छत्र्यांची चित्रं पाठवली. मग लिहिलं, रस्ता खराब आहे. नवविवाहित नवरा म्हणाला आम्हाला सवय आहे, त्यावर बायकोनं 'म्हणजे काय?' असं विचारलं आणि त्यांचं तिथेच जुंपलं. शेवटी काकांनी सूचना विभागाला कळवलं की तब्येतीच्या कारणावरून सुटका मिळायची सोय हवी. मुलीनं सोय केली. फक्त कुणी तिचा गैरफायदा घेऊ नये म्हणून एक अट घातली, डॉक्टरनं तपासायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी दातांचे डॉक्टर दारात हजर!

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

"पण माझे गुडघे..."

"आ करा हो. मला जे येतं ते मी बघणार." त्यांनी छोटा आरसा तोंडात घालून सगळे दात वाजवून पाहिले. "एक नंबर! या दातांवर तुम्ही कुठेही जाऊ शकता."

काकूंनी बॅगेतले तुकडे काढून ती झटकली. गळ्याभोवती गुंडाळायला निळ्या कापडाचा एक रुमाल शिवला. काम करता करता त्या गुणगुणत होत्या, आणि ते ऐकून काकांना इतकं कानकोंडं झालं की त्यांनी कानात कापूस घातला.

रविवार उजाडला. खाली मिनीबसचा हॉर्न वाजला. काकू बॅग घेऊन खाली उतरल्या, काका मागोमाग निघाले, आणि दारात त्यांच्या फोननं त्यांच्याच शब्दांत विचारलं, गॅस बंद केला का? काका आत वळले. गॅस बंद होता. त्यांनी तो चालू केला, पुन्हा बंद केला, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले.

हॉर्न वाजत राहिला. काकू धापा टाकत वर आल्या.

"काय झालं?"

"मला याचं बटण नीट वाटत नाही. तू हो पुढे. मी बघतो आणि..."

"आणि काय? उडत येता?"

काका बटणाकडे बघत बसले.

"मी जाणार आहे हं," काकू म्हणाल्या.

"जा ना."

"खरंच जाणार आहे."

"अगं मग जा की! मी कुठे धरून ठेवलंय?"

काकूंचं एवढं रुसलेलं तोंड काकांनी कधी पाहिलं नव्हतं. मग त्या गेल्या. गाडी सुटली आणि काकांच्या फोनवर निरोप आला: 'प्रमुख गैरहजर. घरच्या माणसाला प्रमुख करण्यात आले आहे.' हीसुद्धा त्यांचीच सूचना. कुणा एकाच्या आळसापायी बाकीच्यांनी ताटकळू नये, असं त्यांनी चांगलं खडसावून लिहिलं होतं.

दिवसभर काका नकाशावर गाडीची टिकली बघत राहिले. टिकली पहिल्या चहाला थांबली, डब्याला थांबली, सगळं ठरल्याप्रमाणे. काकांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. घरात शिवणयंत्र गप्प होतं. सहलीसाठी भरलेला त्यांच्या वाट्याचा डबा ओट्यावरच राहिला होता, तो त्यांनी उघडलासुद्धा नाही. दुपार झाली आणि समुद्र अगदी एका वळणावर आला असताना टिकली थांबली. ती हलेचना. काकांनी फोन हलवला, आपटला, पुसला. शेवटी काकूंना फोन लावला तर उचलला दातांच्या डॉक्टरांनी.

"महायात्री, अहो तुम्ही आहात कुठे? काकू हटून बसल्या आहेत!"

"म्हणजे?"

"चहाच्या टपरीवर खुर्ची टाकून, समुद्राकडे पाठ करून बसल्यात. आम्ही सगळे टेकडीवर जाऊन बघून आलो. त्या मानच वळवत नाहीत. म्हणतात, ह्यांना आणल्याशिवाय बघणार नाही. आणि प्रमुखानं 'पुढे' दाबल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. कुणा शहाण्यानं तसा नियम करून ठेवलाय म्हणे!"

"द्या तिला फोन."

"घेत नाहीत. मान हलवतायत. नाही म्हणतायत." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "अहो, रडतायत बहुतेक. या ना तुम्ही."

काकांनी चपला घातल्या. गॅसकडे बघितलंही नाही. कुलूप लावलं की नाही हे त्यांना जिन्यात आठवेना, आणि आठवत बसायला ते थांबले नाहीत.

स्टँडवर पोचल्या पोचल्या समोर उभ्या असलेल्या गाडीत ते चढले, कारण ती गाडी त्यांना पाठ होती. आडगावच्या फाट्यावर उतरायचं आणि गाडी बदलायची, हेही पाठ होतं. फाट्यावर उतरले तर तिथे फाटा राहिलाच नव्हता. मोठंथोरलं नवं स्टँड, चारी बाजूंना गाड्या, आणि एकाही गाडीवरचा आकडा ओळखीचा नाही. काकांनी नकाशा बघायला फोन काढला. दिवसभर टिकली बघून बघून तो कधीच मेला होता.

समोर चौकशीची खिडकी होती. काच, अर्धगोल भोक, आत एक गृहस्थ बिस्किट खात बसलेले.

काका खिडकीपासून दूर उभे राहिले. मग जवळ गेले, मग पाणी पिऊन आले. जणू दुसऱ्याच कुणाच्या रांगेत आहोत असं दाखवत ते रांगेत उभे राहिले आणि पाळी आल्यावर मागच्या बाईंना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." त्यांची चौकशी झाली, त्यांच्या मागच्याची झाली. आता भोकापाशी दुसरं कुणीच नव्हतं. काकांच्या कपाळावरून घाम ओघळला. काचेत त्यांना एक तोंड दिसलं, बावरलेलं, पार केविलवाणं. ते आपलंच आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अहो," काका पुटपुटले. "अहो साहेब. समुद्राकडे कुठली गाडी जाते?"

"पाटी वाचा," गृहस्थ मान वर न करता म्हणाले.

नेमकं असंच, याच सुरात, काका हजारोंना म्हणाले होते. पण आता त्यांना लाज वाटली नाही, राग आला. "पाटी वाचायची असती तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?" ते ओरडले. "माझी बायको तिथे पाठ करून बसलीय! सांगा, कुठली गाडी?"

गृहस्थांचं बिस्किट चहात पडलं. "तिकडून," ते घाईनं म्हणाले. "पिवळी. शेवटची आहे, पळा."

काका पळाले. ती पिवळी चुकीची निघाली, हा भाग वेगळा. पण एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. कंडक्टरला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, पुढच्या थांब्यावर उतरून पानवाल्याला विचारलं. पानवाल्यानं बर्फाच्या टेम्पोत बसवून दिलं. टेम्पोवाल्याला त्यांनी रस्त्यावरचं प्रत्येक झाड कसलं आहे तेसुद्धा विचारलं. एका म्हाताऱ्यानं उलट्या दिशेला धाडलं, एका शाळकरी मुलीनं सुलट आणलं. विचारल्यावर माणसं हसत नाहीत, उलट आपली कामं सोडून हातवारे करत सांगायला लागतात, हे पाहून काका चकित झाले. काही वेळा तर उत्तर माहीत असूनही त्यांनी विचारलं.

टेम्पोतून ते उतरले तेव्हा उन्हं कलली होती. टपरीवर बँकेतल्या मैत्रिणी जांभया देत होत्या, नवविवाहित जोडपं कंटाळून चक्क गोडीत आलं होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या, निळा रुमाल गळ्याला, पाठ समुद्राकडे. काकांची पँट बर्फानं ओली झाली होती आणि चपलेचा अंगठा तुटला होता.

"आलात?" काकू म्हणाल्या. डोळे सुजले होते, पण आवाज ताठ होता. "कसे आलात?"

"विचारत विचारत."

काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? विचारलंत?"

"सगळ्यांना विचारलं. दोनदा चुकलो." "अगं, तू तरी समुद्र बघून घ्यायचास. माझ्या नादी लागून सूर्य बुडला असता."

"मला एकटीला बघायचा असता तर कधीच बघितला असता," काकू म्हणाल्या. "समुद्राची बस मला ठाऊक नाही होय? मला तुमच्याबरोबर बघायचा होता." एवढं बोलून त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि हात पुढे केला. "उठवा मला. पाय आखडलेत."

दोघं टेकडी चढले. पाठीमागे सगळी मंडळी उगाचच पावलं न वाजवता येत होती. दातांच्या डॉक्टरांनी तर चपला हातात घेतल्या होत्या. माथ्यावर पोचल्यावर वाऱ्यानं रुमाल उडाला आणि समोर समुद्र होता.

काकांनी तोंड उघडलं. भरती, ओहोटी, खोली, लांबी, सगळं त्यांनी अ‍ॅपवर वाचून ठेवलं होतं. मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं.

"बाई गं," काकू म्हणाल्या. "केवढा आहे हो! याच्या पलीकडे काय आहे?"

काकांनी डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहिलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की ते हसायला लागले. खाली वाळूत एक माणूस जाळं आवरत होता. "थांब हं, त्याला विचारून येतो."

ते निघालेसुद्धा. काकूंनी त्यांचा सदरा मागून धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बसा इथे."